अर्जातील प्रश्न आणि आपली उत्तरे

(संस्थेच्या वार्षिक पालक-विद्यार्थी मेळाव्यात केलेले भाषण. वक्ते संस्थेच्या माध्यमिक शाळेत सहायक शिक्षक असून बी.ए., बी.एड. आहेत.)



‘दहावी-बारावीनंतर पुढे काय?’ या विषयावर बोलण्यास मला सांगण्यात आले आहे. वैद्यकीय, अभियांत्रिकी, आयटीआय, डी.एड. या वाटांविषयी माझ्यापेक्षा अधिक माहिती असणारी मंडळी व्यासपीठावर आहेत. म्हणून मी एक लहानसाच विषय निवडला आहे. संगीत महाविद्यालयाच्या प्रवेश-अर्जात जे प्रश्न विचारलेले असतात, त्यांची उत्तरे कशी लिहावीत, एवढेच मी सांगणार आहे. विषय ऐकून काही पालकांच्या चेहऱ्यावर हसू आले, ते मी पाहिले. ‘आमच्या मुलांना गवई करायचे आहे काय?’ असे त्यांच्या मनात आले असावे. तथापि माझी विनंती आहे की शेवटपर्यंत ऐकून घ्यावे. मी संगीतज्ञ नाही, मराठीचा शिक्षक आहे. मी या विषयावर बोलतो आहे याचे कारण असे की या बाबतीत माझ्या हातून एक चूक झाली आणि तिची किंमत एका विद्यार्थ्याने मोजली.

हा विद्यार्थी मिरजेचा. त्याचे नाव मी घेणार नाही. मिरजेत सतारमेकरांची गल्ली आहे, हे आपणांस ठाऊक आहेच. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास, हत्यारांना धार लावणाऱ्या शिकलगार समाजातील फरीदसाहेब यांनी येथे तंतुवाद्ये बनविण्यास आरंभ केला आणि तेव्हापासून हा व्यवसाय पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. या मुलाचे वडील अशाच एका दुकानात कारागीर. तंबोऱ्याचा भोपळा कापणे, दांडी जोडणे, जवारी काढणे ही त्यांची कामे. मुलाचा गळा चांगला. गावातील एका बुवांकडे तो चार वर्षे गाणे शिकत होता. 2022 साली तो बारावी झाला आणि ‘सर, मला संगीतात पदवी घ्यायची आहे,’ असे म्हणत अर्ज घेऊन माझ्याकडे आला.

अर्जात नाव, पत्ता, गुण वगैरे नेहमीचे रकाने होतेच. पण त्याखेरीज पाच-सहा प्रश्न असे होते की ज्यांची उत्तरे आठ-दहा ओळींत लिहायची होती. आपण संगीताचे शिक्षण का घेऊ इच्छिता? आजवर कोणाकडे, किती वर्षे शिकलात? कोणते राग तयार आहेत? घरात संगीताची काही पार्श्वभूमी आहे काय? आपल्या गायनातील उणिवा कोणत्या? शिक्षणानंतर काय करण्याचा विचार आहे?

मुलगा म्हणाला, ‘सर, मला असे लिहिता येत नाही. तुम्ही सांगा, मी लिहितो.’ मी मराठीचा शिक्षक! मला स्फुरण चढले. ‘संगीत हा आत्म्याचा परमात्म्याशी संवाद होय’ असे पहिले वाक्य मी सांगितले. त्यापुढे नादब्रह्म आले, भारतीय संस्कृती आली, मानवजातीचे कल्याण आले. राग किती येतात म्हणून विचारले, तर तो तीनच म्हणाला: भूप, यमन आणि भीमपलास. मला ते फार थोडे वाटले. ऐकलेले तरी आहेत ना, असे म्हणून मी बागेश्री, मालकंस आणि दरबारीही यादीत घालावयास लावले. मिरजेत खाँसाहेब अब्दुल करीम खाँ राहिले, म्हणून ‘किराणा घराण्याच्या गायकीचे संस्कार’ हेही शब्द घातले. उणिवांच्या प्रश्नास ‘परिपूर्णतेचा अतिरेकी ध्यास हीच माझी उणीव’ असे उत्तर दिले आणि स्वतःवरच खूश झालो.

एक रकाना मात्र त्याने मला न विचारता भरला. वडिलांचा व्यवसाय: मजुरी. आणि घरातील संगीताच्या पार्श्वभूमीपुढे त्याने लिहिले: नाही.

त्या वेळी मला त्यात काही वावगे दिसले नाही, याचीच आज अधिक लाज वाटते.

मुलाखतीचे बोलावणे आले. मी सोबत गेलो नव्हतो. पुढचे त्याच्याच तोंडून ऐकले. परीक्षकांनी यादी वाचून दरबारी गाण्यास सांगितले. दरबारीतला कोमल गंधार हा आंदोलन घेऊन लावावा लागतो. तो साधायला वर्षे जातात. याने कसाबसा लावला आणि तिसऱ्या ओळीला थांबला. किराणा गायकीचे वैशिष्ट्य काय, असे विचारले. त्यास सांगता आले नाही. मग एका परीक्षकांनी त्याचा अर्ज पुढे करून शांतपणे विचारले, ‘बाळ, हे उत्तर कोणी लिहिले?’ तो खोटे बोलणारा मुलगा नव्हे. ‘आमच्या सरांनी,’ असे त्याने सांगितले. नंतर त्यास भूपही गाण्यास सांगितला गेला, परंतु तोवर त्याचा आवाज घशातच अडकला होता.

प्रवेश मिळाला नाही. परीक्षकांना मी दोष देत नाही. त्यांच्यापुढे अर्जावर एक मुलगा होता आणि समोर दुसराच बसला होता.

त्याच्या वडिलांना भेटण्यास मी गेलो. दुकानाच्या आतल्या बाजूस ते एका तंबोऱ्याची जवारी काढीत बसले होते. चुकीची कबुली द्यावी म्हणून मी गेलो होतो, पण त्यांनीच मला स्टुलावर बसविले, चहा मागविला. मी म्हणालो, ‘चाचा, अर्जात तुमचा व्यवसाय मजुरी असा लिहिला गेला आणि घरात संगीत नाही असेही.’ ते हसले. म्हणाले, ‘मास्तर, बरोबरच आहे की. आमचे कसले संगीत? आम्ही भोपळे कापणारी माणसं.’ एवढे बोलून त्यांनी घोडीवरून कानस दोनदा हलकेच फिरविली, तारेखाली सुताचा दोरा सरकविला आणि तार छेडली. आत्तापर्यंत ठस्स बोलणारी ती तार एकदम उघडली. खोलीभर नाद राहिला. ‘हां, आता बोलला,’ असे ते स्वतःशीच म्हणाले.

मी संगीतातला अडाणी. पण त्या क्षणी मला एवढे समजले की ज्या घरात संगीत नाही असे मुलाने लिहिले, त्या घरातील कारागिराच्या कानावाचून मोठमोठ्या गवयांचा तंबोरा लागत नाही.

पुढील वर्षी, म्हणजे 2023 साली, आम्ही पुन्हा अर्ज भरला. या खेपेस मी लेखणी हाती धरली नाही. मी प्रश्न विचारीत गेलो, तो बोलत गेला आणि जे बोलला तेच त्याने लिहिले. मी फक्त शुद्धलेखन पाहिले. त्या अनुभवावरून जे शिकलो ते आता क्रमाने सांगतो. विद्यार्थी मित्रांनी हे टिपून घ्यावे, कारण संगीताच्याच काय, कोणत्याही अर्जास ते लागू पडेल.

पहिला प्रश्न: संगीत का शिकावयाचे आहे? येथे संगीताची थोरवी सांगू नये. परीक्षकांचे आयुष्य संगीतात गेलेले असते; संगीत थोर आहे हे त्यांना आपल्याकडून कळावयाचे नाही. त्यांना जाणून घ्यायचे असते ते तुमच्याविषयी. अशी एखादी घटना आठवावी की जिच्यामुळे तुम्ही गाण्याकडे वळलात, आणि ती साध्या शब्दांत लिहावी. आमच्या विद्यार्थ्याने लिहिले की, सातवीत असताना वडील जवारी काढताना मी शेजारी बसत असे. दोरा सरकवला की तार उघडते, तो आवाज मला घरी गेल्यावरही ऐकू यायचा. त्या आवाजात आपला सा मिळवावा असे वाटू लागले. चार ओळी झाल्या. परमात्म्याची गरज पडली नाही.

दुसरा प्रश्न: कोणाकडे शिकलात? गुरूचे नाव, वर्षे, आठवड्यातून किती दिवस, हे नेमके लिहावे. गुरू प्रसिद्ध नसले तर लाजू नये. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा दिल्या असतील तर कोणती, कोणत्या साली, हे लिहावे. प्रारंभिक, प्रवेशिका प्रथम व पूर्ण, मध्यमा प्रथम व पूर्ण, विशारद, अलंकार अशा त्या पायऱ्या आहेत. प्रवेशिका झाली असेल तर प्रवेशिकाच लिहावी. ‘मध्यमाची तयारी चालू’ असे लिहिल्यास मध्यमाचेच प्रश्न येतील, हे ध्यानात असू द्यावे.

तिसरा प्रश्न: कोणते राग तयार आहेत? जो राग झोपेतून उठवून विचारला तरी गाता येईल, तोच तयार समजावा. दहा राग ऐकून माहीत असणे वेगळे आणि तीन राग बसलेले असणे वेगळे. प्रत्येक रागाचे आरोह-अवरोह, वादी-संवादी, वर्ज्य स्वर आणि बंदिशीचा ताल हे सांगता आले पाहिजे. भूपात मध्यम व निषाद वर्ज्य, यमनात मध्यम तीव्र, ही बालबोध गोष्ट. पण घाबरलेल्या मुलाला तीही आठवत नाही. एकतालाच्या बारा आणि झपतालाच्या दहा मात्रा हातावर टाळी-खाली दाखवून म्हणता आल्या पाहिजेत. आमच्या विद्यार्थ्याने दुसऱ्या वर्षीही तीनच राग लिहिले. वर्षभरात चौथा शिकला होता, पण ‘तो अजून पक्का नाही’ म्हणून त्याने लिहिला नाही. हे त्याचे त्यालाच सुचले.

चौथा प्रश्न: घरातील पार्श्वभूमी. पालकहो, हा प्रश्न मी तुमच्यासाठी राखून ठेवला आहे. आपली मुले हा रकाना भरताना अडखळतात. कोणाचे वडील लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवितात, कोणाचे आजोबा उरुसात कव्वालीला ढोलक धरीत, कोणाच्या घरी तबल्यास पुडी चढविण्याचे काम चालते. हे लिहावयाचे की नाही? मी म्हणतो, अवश्य लिहावे. ‘वाद्यकारागीर’ हा शब्द ‘मजुरी’पेक्षा खरा आहे. भोपळा वाळल्यावर कसा पारखतात, खुंटी का सरकते, मणी कशासाठी असतो, हे ज्याला घरी बसल्या कळले आहे त्याने ते ज्ञान लपवू नये. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला 2024 साली भौगोलिक मानांकन मिळाले. सरकारदरबारी ज्याची नोंद झाली, ते आपल्या मुलांनी अर्जात लिहिण्यास का संकोचावे? आणि ज्याच्या घरी खरोखरच काही पार्श्वभूमी नाही, त्याने ‘नाही’ असे निःसंकोच लिहावे. तो दोष नव्हे.

पाचवा प्रश्न: उणिवा. याचे उत्तर देताना मोठमोठी माणसे घसरतात. ज्याला स्वतःची उणीव सांगता येते, त्याला शिकविता येते, एवढाच या प्रश्नाचा हेतू आहे. आमच्या विद्यार्थ्याने लिहिले: ‘तार सप्तकात माझा आवाज आवळतो. तबलजीबरोबर बसण्याची सवय कमी असल्याने समेवर येताना घाई होते. मधले एक वर्ष मी वडिलांच्या दुकानात काम केले, त्यामुळे रियाज फक्त पहाटे दीड तास झाला.’ माझ्या ‘परिपूर्णतेच्या ध्यासा’पेक्षा हे उत्तर कितीतरी सरस आहे, हे मला मान्य करावेच लागते.

शेवटचा प्रश्न: पुढे काय करणार? ‘जगप्रसिद्ध गायक होणार’ असे लिहू नये आणि ‘ठरविले नाही’ असेही लिहू नये. वाटा कोणत्या आहेत याची चौकशी करून लिहावे. शाळा-महाविद्यालयांत संगीत शिक्षक, साथीदार, आकाशवाणीच्या स्वरचाचणीतून बी, बी-हाय, ए अशी श्रेणी मिळविणारे कलाकार, ध्वनिमुद्रण तंत्रज्ञ, वाद्यनिर्मिती, संशोधन, अशा वाटा आहेत. शिष्यवृत्त्याही आहेत. केंद्र सरकारच्या सांस्कृतिक स्रोत आणि प्रशिक्षण केंद्राची, म्हणजे सीसीआरटीची, शिष्यवृत्ती 10 ते 14 वयोगटातील मुलांसाठी असते, आणि 18 ते 25 वयाच्या तरुण कलाकारांसाठी संस्कृती मंत्रालयाची निराळी योजना आहे. आमच्या शाळांतील किती पालकांना हे ठाऊक आहे? मुले दहा-बारा वर्षांची असतानाच चौकशी केली तर उपयोग.

आता पालकांच्या मनातील शंकेविषयी दोन शब्द. एक शंका धर्माच्या बाजूने येते. मी आलिम नाही. त्या बाबतीत मत देण्याचा मला अधिकार नाही आणि मी देणारही नाही. ज्याने त्याने आपल्या घरात, आपल्या वडीलधाऱ्यांशी विचारविनिमय करून ठरवावे. मी फक्त एवढे सांगतो की मुलाला पाठवायचे नसेल तर तसे स्पष्ट व प्रेमाने सांगावे. पाठवायचे असेल तर उघडपणे पाठवावे. चोरून भरलेला अर्ज मुलाचा गळा दाबतो.

दुसरी शंका अशी की संगीत महाविद्यालय हे आपले ठिकाणच नव्हे. इतिहास पाहिला तर ही शंका टिकत नाही. 1886 साली बडोद्यास सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने गायनशाळा निघाली, ती मौलाबक्ष यांच्या हाताखाली. गाणे वर्गात बसवून, स्वरलिपी वापरून शिकवावे असा प्रयत्न ज्यांनी फार लवकर केला, त्यांत त्यांचे नाव येते. पंडित विष्णु दिगंबर पलुसकर लहानपणी डोळ्यांना इजा झाल्याने उपचारांसाठी मिरजेस आले, तेथेच बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे शिकले आणि 1901 साली लाहोरास त्यांनी गांधर्व महाविद्यालय काढले. कैराण्याहून आलेल्या अब्दुल करीम खाँसाहेबांनी 1913 साली पुण्यात आर्य संगीत विद्यालय स्थापन केले. सवाई गंधर्व हे त्यांचे शिष्य आणि भीमसेन जोशी हे सवाई गंधर्वांचे. हिराबाई बडोदेकर या खाँसाहेबांच्या कन्या. मुलींच्या पालकांनी हे नाव मुद्दाम लक्षात ठेवावे. 1937 साली खाँसाहेब गेले, त्यांच्या स्मरणार्थ मिरजेच्या मीरासाहेबांच्या दर्ग्यात उरुसाच्या वेळी संगीतसभा भरते. थोर गवई तेथे हजेरी लावतात आणि ऐकणाऱ्यांत सर्व जातिधर्मांची माणसे असतात. या विद्येच्या उभारणीत ज्यांचा एवढा हात आहे, त्यांच्या नातवंडांनी प्रवेश-अर्जापुढे बिचकावे हे बरे दिसत नाही.

तिसरी शंका पोटापाण्याची, आणि ती अगदी रास्त आहे. या क्षेत्रात उत्पन्न उशिरा सुरू होते आणि अनियमित असते. मी खोटे आश्वासन देणार नाही. म्हणून मुलाने पदवी पूर्ण करावी, इतर विषय सोडू नयेत, इंग्रजी व संगणक शिकावे. आमच्या विद्यार्थ्याच्या वडिलांनी त्याला एकच अट घातली होती: सुटीत घरी आलास की दुकानात बसायचे आणि हातातला हुन्नर जाऊ द्यायचा नाही. मला ही अट फार शहाणपणाची वाटते.

शिक्षक बंधूंनाही एक विनंती. मुलांच्या वतीने उत्तरे लिहिण्याचा मोह आपणांस होतो, त्यात आपले प्रेमही असते आणि थोडी हौसही असते. तो आवरावा. मुलाला प्रश्न समजावून द्यावा, त्याला बोलते करावे, कच्चा मसुदा त्याच्याकडूनच दोनदा लिहवून घ्यावा आणि मुलाखतीपूर्वी त्याच्याच अर्जावरून त्याला प्रश्न विचारावेत. हल्ली बहुतेक अर्ज संगणकावर भरावे लागतात. तेव्हा नावाचे स्पेलिंग दाखल्याप्रमाणेच आहे ना, मुदत कधी संपते, गुणपत्रिका स्पष्ट दिसते ना, हे पाहण्याचे काम आपले. अर्जाची एक प्रत मुलाजवळ असावी. आपण काय लिहिले तेच मुलाखतीच्या दिवशी न आठवणारी मुले मी पाहिली आहेत.

2023 सालच्या मुलाखतीस त्याचे वडील सोबत गेले. मीही गेलो होतो. आम्ही दोघे बाहेर बाकावर बसलो. आतून प्रथम तंबोऱ्याचा आवाज आला. चाचा जरा वेळ ऐकत राहिले आणि माझ्याकडे झुकून म्हणाले, ‘मास्तर, जोडीच्या तारा उतरल्यात.’ थोड्याच वेळात आतला तंबोरा थांबला, खुंटी पिळल्याचा आवाज आला, तारा पुन्हा मिळविल्या गेल्या आणि मग भूप सुरू झाला. त्याने परीक्षकांची परवानगी घेऊन आधी तंबोरा लावला होता. बाहेर आल्यावर त्याने सांगितले की पुढची दहा मिनिटे त्यांनी जवारीविषयीच विचारले, आणि त्याला एकाही प्रश्नाला अडावे लागले नाही.

त्या वर्षी त्याला प्रवेश मिळाला. मिळाला नसता तरी मी हेच भाषण केले असते, कारण दुसऱ्या वर्षी त्याने अर्जात लिहिलेला प्रत्येक शब्द त्याचा होता आणि वडिलांच्या व्यवसायापुढे ‘तंतुवाद्य कारागीर’ असे त्याने स्वच्छ अक्षरांत लिहिले होते.

मित्रहो, येत्या जूनमध्ये तुमच्यापैकी अनेकजण निरनिराळे अर्ज भरतील. तो रकाना समोर आला म्हणजे आई-वडील काय काम करतात ते त्यांनाच विचारा आणि त्यांनी सांगितलेले नीट लिहा.